व्हीलचेअरवरून विमानप्रवास: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अपघातात माझ्या मणक्याला इजा झाली त्याला आता बारा वर्षं होतील. कंबरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. नोकरीमुळे वर्षातून सहा-सात वेळा पुण्याहून विमान पकडावं लागतं. बहीण जर्मनीत असल्यामुळे दोनदा तिकडेही जाऊन आले. परत आले की लोक तेच तेच प्रश्न विचारतात. कुणाच्या घरी नुकताच अपघात झालेला असतो, कुणाची आई पहिल्यांदाच विमानात बसणार असते, कुणी विमानतळावरच नोकरीला असतं. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत.

रांगेत कुणी व्हीलचेअरवर दिसलं तर मदत करावी की नको?

आधी विचारा. "काही मदत हवी आहे का?" एवढंच पुरे. "नको" म्हटलं तर नको. आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचा भाग असतो, पंगतीत तो गोडही लागतो, पण इथे आग्रह करू नका. "हो" म्हटलं तरी लगेच हात लावू नका, नेमकं काय करायचं ते विचारून घ्या.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. एकदा एका विमानतळाच्या उतारावर मी माझ्या हातांनी खुर्ची सांभाळत खाली येत होते. मागून कुणीतरी हँडल धरलं आणि ढकलायला सुरुवात केली. माझे दोन्ही हात चाकांवर होते. डाव्या हाताचा अंगठा चाक आणि ब्रेक यांच्या मध्ये सापडला. त्या गृहस्थांना भलंच करायचं होतं याबद्दल मला अजिबात शंका नाही. पण तो अंगठा तीन आठवडे सुजला होता, आणि ज्या बाईचे पाय तिचे हातच आहेत तिचे ते तीन आठवडे कसे गेले असतील याची कल्पना तुम्ही करू शकता.

खुर्ची माझ्या शरीराचाच भाग आहे. तिच्या हँडलला स्वतःची पिशवी अडकवणं, पाठीवर कोपर टेकून फोनवर बोलणं, रांगेत पायानं ती पुढे सरकवणं, हे सगळं माझ्या अंगाला हात लावण्यासारखंच आहे.

काउंटरवरची माणसं सोबतच्या नातेवाइकाशीच का बोलतात?

हा अनुभव व्हीलचेअरवरच्या प्रत्येकाला येतो. तिकीट माझं, ओळखपत्र माझं, पैसे माझे. आणि काउंटरवरची मुलगी माझ्या डोक्यावरून भावाला विचारते, "मॅडम चल सकती हैं?" भाऊ सांगतो, "त्यांनाच विचारा." ती माझ्याकडे बघते, हसते, आणि पुढचा प्रश्न पुन्हा भावालाच विचारते.

मला वाटतं, याचं मुख्य कारण सवय आहे. व्हीलचेअर म्हटली की आपल्या मनात हॉस्पिटल येतं, आणि हॉस्पिटलात पेशंटबद्दल नातेवाइकांशी बोलायचं असतं. कितीतरी कर्मचारी "पेशंट कोण?" असंच विचारतात. वॉकीटॉकीवर तर माणूसही उरत नाही, "दोन व्हीलचेअर गेट सहाला पाठव" असं ऐकू येतं. त्या दोनांतली एक मी असते.

सोबतच्या माणसाच्या हातात यावरचा उपाय आहे. प्रश्न आला की उत्तर देऊ नका, प्रवाशाकडे बघा. विचारणाऱ्याची नजर आपोआप तुमच्या मागे येते. माझा भाऊ तर दोन पावलं बाजूला जाऊन उभा राहतो.

कर्मचारी वाचत असतील तर त्यांना एक विनंती. शक्य असेल तर काउंटरच्या पुढे या, किंवा किंचित वाकून नजर समोरासमोर आणा. उंच काउंटरच्या पलीकडून आलेला आवाज मला अर्धाच ऐकू येतो, आणि मान वर करून करून दुखते.

"काय झालं तुम्हाला?" असं विचारलं तर राग येतो का?

कोण विचारतं आणि कुठे विचारतं त्यावर आहे. दोन तासांच्या प्रवासात शेजारच्या बाईंशी गप्पा झाल्या, मुलं, नोकरी, आंब्याचा भाव सगळं बोलून झालं आणि मग त्यांनी विचारलं, तर मी सांगते. पण सुरक्षा तपासणीच्या रांगेत, नावसुद्धा न विचारता, "जन्मापासूनच का?" असा प्रश्न आला तर उत्तर द्यायला मी बांधील नाही.

त्यापेक्षा जड जातं ते प्रश्नानंतरचं. "अरेरे", "देवाची मर्जी", "आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, एकदा दाखवून बघा". एका आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवत "पोरी, काय भोगलंस गं" म्हटलं होतं. त्यांची माया खरी होती, आणि मी ती नाकारली नाही. पण मी त्या दिवशी भोगत नव्हते, एका चांगल्या कामासाठी बंगळुरूला निघाले होते, आणि आनंदात होते. ते कुणाला दिसलंच नाही.

"अपंग" म्हणावं की "दिव्यांग"?

सरकारी कागदांवर आता दिव्यांग असतं. मला स्वतःला "व्हीलचेअर वापरणारी" हे सर्वांत जवळचं वाटतं. समोरचा माणूस स्वतःला जे म्हणवून घेतो तेच म्हणा.

तिकीट काढताना काय सांगायचं असतं?

मदत लागणार हे बुकिंग करतानाच सांगा. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा. तिच्या नियमानुसार निदान ४८ तास आधी कळवायचं असतं. नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हणू नका, कारण विमान कंपन्यांकडे त्याचे तीन वेगवेगळे कोड असतात आणि इथली चूक शेवटपर्यंत छळते.

डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही, पण विमानात सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं. माझा कोड तिसरा आहे. बऱ्याच वेळा कॉल सेंटर आपल्या मनाने पहिलाच टाकून देतं. मग विमानाच्या दाराशी गेल्यावर "मॅडम, दोन पावलं तरी चाला ना" सुरू होतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत फोन करते आणि बुकिंगवर कोणता कोड चढला आहे ते वाचून दाखवायला सांगते.

खुर्ची बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरीचा प्रकार आणि क्षमता तेव्हाच सांगा. काढता येणारी लिथियम बॅटरी साधारणपणे ३०० वॉट-अवरपर्यंत चालते, आणि ती काढून केबिनमध्ये सोबत न्यावी लागते. बॅटरीवरच्या माहितीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गेटवर वाद झाला की तो फोटो फार उपयोगी पडतो.

सुरक्षा तपासणीत उभं राहायला सांगितलं तर?

शांतपणे सांगा, "मी उभी राहू शकत नाही." पुन्हा सांगितलं तर पुन्हा तेच सांगा, आणि वरिष्ठांना बोलवा. बसल्या जागी तपासणी होऊ शकते. हातानं तपासतात, खुर्ची आणि कुशन कापडाच्या पट्टीनं पुसून ती पट्टी यंत्रात घालतात. महिलेची तपासणी महिलाच करते, आणि सगळ्यांसमोर नको असेल तर पडद्याआड करायची मागणी करता येते.

इथे माणसाचा मान किती पटकन जातो याची उदाहरणं सगळ्या देशानं पाहिली आहेत. २०२४ च्या सुरुवातीला कोलकाता विमानतळावर व्हीलचेअरवरच्या एका तरुणीला पुन्हा पुन्हा उभं राहायला सांगितल्याची बातमी आली होती. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी, दर वेळी आपला कृत्रिम पाय काढायला लावतात, हे जाहीरपणे मांडलं आणि सीआयएसएफनं, म्हणजे विमानतळांची सुरक्षा सांभाळणाऱ्या केंद्रीय दलानं, त्यांची माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की अपंग प्रवाशांना कृत्रिम अवयव काढायला लावू नयेत आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांना उचलू नये.

हेही सांगायला हवं की मला बहुतेक वेळा तपासणीला ज्या महिला जवान भेटल्या त्या नीट वागल्या. एक जण तर प्रत्येक वेळी हात लावण्याआधी "आता पाठ तपासते", "आता पाय" असं सांगत होती. जिथे मला स्पर्श कळत नाही तिथेही ती सांगत होती. ती तपासणी आजही आठवते.

स्वतःची खुर्ची काउंटरवर द्यावी की विमानापर्यंत न्यावी?

माझा आग्रह असतो, विमानाच्या दारापर्यंत माझीच खुर्ची. काउंटरवरच "ही दाराशी द्यायची आहे आणि दाराशीच परत हवी आहे" असं सांगून तसा टॅग लावून घ्यायचा. विमानतळाची खुर्ची कुणाच्याच मापाची नसते. तिला मागची मोठी चाकं नसली की मी स्वतः हलूच शकत नाही. कुणी मला गेटपाशी भिंतीकडे तोंड करून ठेवून गेलं तर तो येईपर्यंत मी तशीच. पाणी प्यायला जाता येत नाही, पाटी वाचता येत नाही. हे माझ्या बाबतीत दिल्लीकडच्या एका प्रवासात पन्नास मिनिटं झालं आहे. तो मुलगा वाईट नव्हता, त्याला एका वेळी तीन प्रवासी दिले होते.

मणक्याची इजा असलेल्यांना यात आणखी एक धोका असतो. कडक सीटवर तासन्‌तास बसलं की जखमा होतात, आणि संवेदना नसल्यामुळे त्या कळतही नाहीत. म्हणून खुर्ची सामानात गेली तरी कुशन माझ्या हातातच असतं, आणि विमानाच्या सीटवर मी त्यावरच बसते.

दारापासून सीटपर्यंत कसं नेतात?

एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दाराला जोडलेला बंदिस्त पूल, असेल तर सोपं. दाराशी एक अरुंद खुर्ची आणतात, तिला आयल चेअर म्हणतात. तिच्यावर बसायचं, पट्टे लावायचे आणि सीटपर्यंत जायचं. विमान लांब उभं असेल तर अँबुलिफ्ट लागते, म्हणजे वर उचलली जाणारी गाडी. काही कंपन्या जिन्याऐवजी तिरपा रॅम्प लावतात.

अँबुलिफ्ट "बंद आहे" किंवा "यायला वेळ लागेल" असं सांगून दोघं-चौघं उचलून जिना चढवायला पुढे आले तर नकार द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घाई त्यांची असते, पडलात तर हाड तुमचं मोडतं. उचलून न्यायचं असंच ठरलं तर कसं उचलायचं हे तुम्ही सांगायचं. मी सांगते, "एकानं मागून काखेतून, एकानं गुडघ्याखालून, आणि मी तीन म्हटल्यावर." बाई आहे म्हणून कुणी अवघडून शाल धरतं, कुणी दंड धरतं. त्यापेक्षा सरळ सूचना दिलेल्या सगळ्यांनाच बऱ्या वाटतात.

एक छोटी युक्ती सांगते. मधल्या वाटेच्या बाजूचा सीटचा हात बऱ्याच विमानांत वर होतो. त्याच्या खाली, बिजागरीजवळ एक लपलेलं बटण असतं. खुद्द केबिन क्रूमधल्या काही जणांना ते माहीत नसतं. हात वर झाला की ट्रान्सफर, म्हणजे खुर्चीवरून सीटवर सरकणं, निम्म्यानं सोपं होतं.

विमानात बाथरूमचं काय करता?

हा प्रश्न लोक खाजगीत, आवाज खाली करून विचारतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

आपल्याकडच्या लहान विमानांतल्या बाथरूममध्ये ट्रान्सफर करायला जागाच नसते. त्यामुळे मी काय, माझ्या ओळखीचे जवळजवळ सगळेच व्हीलचेअरवाले, आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो. शरीराला हे चांगलं नाही. लघवीचा संसर्ग हा आमच्या आयुष्यातला कायमचा शत्रू, आणि पाणी कमी पिऊन आपणच त्याला बोलावतो. दोन तासांच्या प्रवासाआधी मी विमानतळावरच्या अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, वापरून घेते. ते स्वच्छतागृह कोठीसारखं बादल्या-झाडूंनी भरलेलं नसावं, त्याला आतून कडी असावी, आणि ज्याला गरज नाही अशा कुणी तिथे बसून फोनवर बोलू नये, एवढीच अपेक्षा आहे. जर्मनीच्या प्रवासात मी डायपर घालते. केबिन क्रूला सुरुवातीलाच सांगते की मला बाथरूमपर्यंत न्यायला विमानातली अरुंद खुर्ची लागेल. मोठ्या विमानांत बहुधा ती असते.

"सोबत कुणी नसेल तर नेणार नाही" असं म्हणाले तर?

केवळ अपंग आहे म्हणून विमान कंपनी नेण्यास नकार देऊ शकत नाही. हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही, म्हणून इथे जरा थांबते.

फेब्रुवारी २०१२ मध्ये जिजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था, आहे आणि त्या अपंगांच्या हक्कांसाठी काम करतात. सीटवर बसल्यानंतर त्यांना विमानातून उतरवण्यात आलं. परिषद हुकली. त्या आणि मुंबईची 'अडॅप्ट' ही संस्था, म्हणजे पूर्वीची स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल यायला चार वर्षं लागली. १२ मे २०१६ रोजी न्यायालयानं विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

तरीही मे २०२२ मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात चढू दिलं नाही. तिथले सहप्रवासी त्या कुटुंबाच्या बाजूनं उभे राहिले, त्यात डॉक्टरही होते. डीजीसीएनं कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि नियमही बदलला. आता प्रवासात तब्येत बिघडेल अशी कंपनीला शंका असेल तर आधी डॉक्टरनं प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून तसं मत द्यायला हवं. त्यानंतरही नेणार नसतील तर कारण लगेच लेखी द्यावं लागतं. गेटवरच्या कर्मचाऱ्यानं नुसतं बघून ठरवायचं नाही. तसं कुणी ठरवायला लागलं तर "कारण लेखी द्या" हे तीन शब्द पाठ करून ठेवा.

रांचीची गोष्ट मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. त्या सहप्रवाशांनी मुलाची कीव केली नाही, त्यांनी त्याच्या बाजूनं वाद घातला. अनोळखी माणसानं करावी अशी मदत ती हीच.

आई-बाबांना चालता येतं, पण अमेरिकेला जाताना आम्ही त्यांच्यासाठी व्हीलचेअर घेतो. चूक आहे का?

हे विचारताना लोकांचा चेहरा पडलेला असतो, म्हणून आधी सांगते की मला तुमचा राग नाही. सत्तरीतली आई, सत्तावीस तासांचा प्रवास, मध्ये विमान बदलायचं, इंग्रजीची भीती, इमिग्रेशनच्या खिडकीवर काय विचारतील याची धाकधूक. तिला कुणाचा तरी हात हवा असतो, आणि विमान कंपनीकडे तो हात बहुतेक वेळा व्हीलचेअरसोबतच मिळतो. गुडघे बाहेरून दिसतही नाहीत. हृदयाचा, श्वासाचा त्रासही दिसत नाही. त्यामुळे खुर्चीतून उठून दोन पावलं चालणाऱ्याकडे बघून "ढोंग आहे" म्हणणाऱ्यांच्या मी विरुद्ध आहे.

पण गणितही समजून घ्या. खुर्च्या आणि ढकलणारी माणसं मोजकी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध दांपत्यानं दोन खुर्च्या मागितल्या होत्या, मिळाली एकच. पत्नी खुर्चीत बसली, ऐंशी वर्षांचे पती सोबत चालत निघाले आणि कोसळले. ते वाचले नाहीत. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. पुरेशा खुर्च्या ठेवणं ही जबाबदारी कंपनीचीच. तरी नुसती रांग टाळण्यासाठी धडधाकट माणसानं खुर्ची घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. आई-बाबांना सोबत हवी असेल तर तिकीट काढताना फक्त सोबत मिळते का ते विचारा. त्याच विमानानं जाणारं दुसरं मराठी कुटुंब शोधा, अशा ओळखी कितीतरी जण करून देतात.

ढकलणाऱ्या मुलाला पैसे द्यावेत का?

ही सेवा फुकट आहे, कुणी मागितले तर द्यायला तुम्ही बांधील नाही. मुलं बहुतेक कंत्राटावर असतात आणि दिवसभर त्यांचे पाय तुटतात हेही खरं आहे. मी नाव विचारते, आणि कुणी खरंच चांगलं काम केलं तर कंपनीला त्याचं नाव घेऊन मेल करते. चहापाण्याला दिलेले पन्नास रुपये संपतात, मेल त्याच्या साहेबापर्यंत जातो.

खुर्ची मोडून आली तर?

विमानतळ सोडू नका. तिथेच लेखी तक्रार नोंदवा, प्रत घ्या, फोटो काढा. प्रवासाच्या सुरुवातीला खुर्ची देतानाही चारी बाजूंनी फोटो काढून ठेवलेले असावेत. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची तक्रार सात दिवसांत लेखी द्यावी लागते, आणि खुर्ची सामानातच धरली जाते. भरपाईला मर्यादा असते आणि चांगल्या खुर्चीची किंमत त्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. म्हणून महागडी खुर्ची असेल तर काउंटरवर देतानाच तिची किंमत लेखी जाहीर करता येते का ते विचारा.

माझी खुर्ची एकदा वाकलेल्या चाकासह आली. तिथले साहेब म्हणाले, "आम्ही दुसरी देतो ना, तीही चांगली आहे." त्यांना वाटत होतं बॅग फाटली आहे. मी त्या रात्री घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ शकले नाही.

परदेशात लोक चांगले वागतात का?

तिथे व्यवस्था जास्त पक्की आहे, माणसं तशीच आहेत. युरोपात २००६ च्या कायद्यानं मदतीची जबाबदारी विमानतळावर टाकली आहे, त्यामुळे फ्रँकफर्टला वेगळ्या काउंटरवर जावं लागलं. अमेरिकेत ती विमान कंपनीवर असते, त्यासाठीचा कायदा १९८६ पासून आहे. पण तिथेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीला अपंग प्रवाशांच्या हेळसांडीबद्दल ५ कोटी डॉलरचा दंड झाला. मला जाणवलेला फरक एवढाच, की जर्मनीत कुणी टक लावून बघितलं नाही, आणि कुणी "पाणी आणून देऊ का?" असंही विचारलं नाही. पुण्यात दोन्ही होतं.

तक्रार करून काही होतं का?

होतं, पण लेखी केली तर. विमान कंपनीला मेल करा, मग 'एअरसेवा' या सरकारी तक्रार पोर्टलवर नोंदवा. दाद मिळाली नाही तर दिल्लीत दिव्यांगजनांसाठीचे मुख्य आयुक्त आहेत, आपल्याकडे पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. चारचौघांत मुद्दाम अपमान केला असेल तर २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याचं कलम ९२ आहे, त्यात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तारीख, वेळ, फ्लाइट नंबर, गेट नंबर तिथल्या तिथे लिहून ठेवा. रागात तपशील विसरतात.

एकटीनं जायची भीती वाटते. पहिल्यांदा काय करू?

जवळचा, थेट, दिवसा उजेडीचा प्रवास निवडा. अडीच तास आधी पोहोचा. मी आजही घाबरते, विशेषतः उतरताना, सगळं विमान रिकामं होतं, सफाईवाले आत येतात आणि माझी खुर्ची अजून आलेली नसते तेव्हा.

माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं. मराठी, हिंदी आणि इंग्रजी. मदतीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी ते देते, म्हणजे तेच तेच बोलावं लागत नाही. हवं तर तसंच छापून घ्या:

"नमस्कार. मी चालू किंवा उभी राहू शकत नाही. कंबरेखाली मला स्पर्श, वेदना कळत नाही, म्हणून पाय कुठे अडकला तर कृपया मला सांगा. हात लावण्याआधी विचारा, कसं उचलायचं ते मी सांगेन. मला सोडून जायचं असेल तर गेट दिसेल अशा बाजूला तोंड करून ठेवा आणि कधी येणार ते सांगून जा. कुशन माझ्याजवळच राहील. खुर्चीची उजवी पायपट्टी सैल आहे, तिला धरून उचलू नका."